अडीच स्टार आणि भिंतीवरचा डाग

ताई, नमस्कार.

मी डोंबिवलीला राहते, वय ३६, बँकेत नोकरीला आहे. आम्हा शाळेतल्या मैत्रिणींचा आणि त्यांच्या नवऱ्यांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. रविवारी रात्री प्रत्येकाने आठवड्यात पाहिलेल्या सिनेमाचं नाव टाकायचं, पाचपैकी स्टार द्यायचे आणि दोन ओळी लिहायच्या, असा आमचा शिरस्ता. थिएटर, ओटीटी, काहीही चालतं.

गेल्या महिन्यात एक मराठी सिनेमा पाहिला. मला नाही आवडला. ग्रुपवर लिहिलं, 'अडीच स्टार. पहिल्या अर्ध्या तासात शेवट कळतो. उगाच रडारड. ओटीटीवर येईपर्यंत थांबा.' आमच्यातल्या एकीचा नवरा त्या सिनेमाच्या कला विभागात होता. मला ते माहीत होतं, पण मत ते मत, असं मी धरून चालले. ती ग्रुपवर काही बोलली नाही. दोन दिवसांनी मला वेगळा मेसेज आला, 'निदान तिकिटाच्या अ‍ॅपवर तरी दहापैकी दहा दे. आपल्याच माणसांनी असं केलं तर मराठी सिनेमा जगायचा कसा?' मी दिले नाहीत. तेव्हापासून तिचा अबोला आहे.

सिनेमात काहीच चांगलं नव्हतं असं नाही. त्यातल्या वाड्याच्या स्वयंपाकघरात शेगडीमागच्या भिंतीवर फोडणीचे तेलकट डाग होते, खाली काळपट आणि वर विरळ होत गेलेले. माझ्या आजीच्या घरी अगदी तसेच होते. ते बघून मला भरून आलं. पण तेवढ्याने सिनेमा चांगला ठरत नाही ना?

आणखी दोन गोष्टी. सासूबाई माझ्याबरोबर सिनेमे बघतात. मी ज्याला दीड स्टार देते तो त्यांना फार आवडलेला असतो. नवरा त्यांना हसतो आणि खरं सांगायचं तर मीही हसते. दुसरं म्हणजे हल्ली सिनेमा बघता बघताच माझ्या डोक्यात स्टार मोजले जातात. मध्यंतरापर्यंत आकडा ठरलेला असतो. पूर्वीसारखी मी सिनेमात रमत नाही.

खरं मत देणं चूक आहे का? मराठी सिनेमाला पदरचे दोन स्टार जास्त द्यायचे का?

एक वाचक, डोंबिवली


नमस्कार.

तुमच्या शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरं आधी देऊन टाकते, म्हणजे पुढचं वाचताना धाकधूक नको. खरं मत देणं चूक नाही. पदरचे स्टार कुणालाच देऊ नका, मराठीला तर मुळीच नाही. तिकिटाच्या अ‍ॅपवर दहा द्यायला तुम्ही नकार दिलात, तेही योग्यच केलंत.

पण तुमचं पत्र मी पुन्हा वाचलं ते त्या भिंतीसाठी. ग्रुपवर तुम्ही लिहिलेल्या ओळी आणि मला लिहिलेल्या ओळी शेजारी शेजारी ठेवून बघा. ग्रुपवरच्या ओळी कुठल्याही सिनेमाबद्दल कुणीही लिहिल्या असत्या. शेवट आधीच कळतो, रडारड आहे, थांबलात तरी चालेल. मला मात्र तुम्ही लिहिलंत की डाग खाली काळपट होते आणि वर विरळ होत गेले होते. हे फक्त तुम्हीच लिहू शकता, कारण हे तुम्ही पाहिलं. तुमचं मत खरं होतं यात मला शंका नाही, पण ग्रुपवर गेला तो त्याचा अर्धाच भाग, आणि नेमका तो अर्धा ज्यात तुम्ही फारशा नाही.

तो डाग कसा आला असेल, याचा जरा विचार करू. सेट असेल तर भिंत कोरी उभी राहते आणि मग तिला वय आणावं लागतं. कला विभागातली माणसं याला एजिंग म्हणतात. रंगाचे हात द्यायचे, घासायचे, काजळी धरायची, पुन्हा पुसायचं. शेगडी कुठे आहे, बाई कोणत्या हाताने फोडणी देते, वाफ कुठवर जाते, इतकं सगळं कुणाच्या तरी डोक्यात असल्याशिवाय डाग 'खाली काळपट आणि वर विरळ' होत नाही. आणि तो खरा वाडा असेल, तर शूटिंगच्या आधी कुणीतरी उत्साहाने भिंत रंगवायला निघालेलं असतं आणि 'हात लावू नका' म्हणून कुणाला तरी भांडावं लागतं. दोन्हीपैकी काहीही असो, ते काम तुमच्या मैत्रिणीच्या नवऱ्याच्या विभागाचं. त्याने केलेली गोष्ट तुमच्यापर्यंत पोहोचली, तुम्हाला आजीच्या घरी घेऊन गेली, आणि हे तुम्ही त्याला सोडून मला कळवलंत.

म्हणून पहिलं काम. मैत्रिणीला फोन करा. मेसेज नको, फोनच. मताबद्दल माफी मागू नका. ती मागितलीत तर तिला वाटेल की मत खोटं होतं, आणि पुढच्या वेळी तुमच्या कौतुकालाही किंमत राहणार नाही. साधं बोला. 'सिनेमा मला आवडला नाही, ते खरं आहे. पण त्या स्वयंपाकघराच्या भिंतीबद्दल मी ग्रुपवर लिहायला हवं होतं, ते राहिलं. तो डाग तुझ्या मिस्टरांनी कसा केला, ते मला त्यांच्याकडूनच ऐकायचंय.' आणि मग खरंच ऐका. या माणसांना कुणी विचारत नाही. नट-नट्यांबद्दल सगळे बोलतात, दिग्दर्शकाच्या मुलाखती होतात, भिंतीबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. महिनोन्‌महिने सेटवर राबलेल्या माणसाला पटकथा कुठे ढिली आहे हे बहुतेक वेळा आपल्याआधी कळलेलं असतं. तुमच्या 'शेवट कळतो'चं त्याला तितकंसं वाईट वाटलं नसेलही. त्याने केलेलं काम ओळखीतल्या एकाही माणसाच्या नजरेला पडलं नाही असं वाटणं जास्त लागतं.

अ‍ॅपवरच्या दहाबद्दल मात्र तिला स्पष्ट नाही म्हणा आणि कारणही सांगा. माझा याबाबतीतला दंडक सोपा आहे. ज्या सिनेमात आपल्या ओळखीचं माणूस आहे, त्याला जाहीर ठिकाणी आकडा द्यायचा नाही. दहा नाही, दोनही नाही. ते आकडे अनोळखी माणसं बघतात आणि त्यावर विसंबून पैसे खर्च करतात. घरच्या माणसांनी दहा-दहा ठोकायचे आणि विरोधकांनी एक-एक, यातून त्या आकड्यांना काही अर्थच उरत नाही. आयएमडीबी या सिनेमांच्या संकेतस्थळावर दिसणारा आकडा हा सगळ्या मतांची सरळ सरासरी नसतो, तो याचसाठी. ते मतांना कमी-जास्त वजन देतात आणि ते नेमकं कसं, हे सांगत नाहीत, नाहीतर टोळीने मतं टाकणाऱ्यांना पळवाट सापडेल. केरळात तर २०२३ साली सिनेमा लागताच त्याच्याविरुद्ध ठरवून वाईट परीक्षणं टाकली जातात, ही तक्रार उच्च न्यायालयापर्यंत गेली. अशा चिखलात आपण आपल्या मैत्रीचा हात घालू नये.

आता मराठी सिनेमा जगायचा कसा, हा तिचा प्रश्न. तो मनापासून विचारलेला आहे, त्याला टाळून पुढे जाता येणार नाही.

तुमच्या संदेशातल्या चार वाक्यांपैकी माझा आक्षेप एकालाच आहे, शेवटच्या. 'ओटीटीवर येईपर्यंत थांबा.' पहिली तीन वाक्यं तुमच्या अनुभवाबद्दल होती. चौथ्यात तुम्ही दुसऱ्याच्या वतीने निर्णय घेतलात. आणि मराठी सिनेमाच्या बाबतीत या एका सल्ल्याची किंमत फार आहे. शुक्रवारी लागलेल्या मराठी सिनेमाचं भवितव्य बहुधा रविवार रात्रीपर्यंत ठरून जातं. मल्टिप्लेक्सवाले त्या तीन दिवसांतली भरलेली आसनं मोजतात आणि पुढच्या आठवड्यात खेळ कमी होतात, किंवा नोकरदार माणूस पोहोचूच शकणार नाही अशा सकाळच्या वेळेला ढकलले जातात. २०१५ साली राज्य सरकारने मल्टिप्लेक्सना मराठी सिनेमा प्राइम टाइमला दाखवायला सांगितलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, आणि शेवटी प्राइम टाइम म्हणजे दुपारी १२ ते रात्री ९ अशी त्याची व्याख्या झाली. वेळेचं हे दुखणं जुनं आहे. शिवाय जो सिनेमा ओटीटीवर येईल म्हणून थांबायचं, तो यायला कधी कधी महिनोन्‌महिने जातात आणि काही तर येतच नाहीत. तुम्ही थांबता, सिनेमा थांबत नाही, तो निघून जातो.

म्हणून मराठीला द्यायचं असेल तर तिकीट द्या. पहिल्या तीन दिवसांतलं, जमल्यास संध्याकाळच्या खेळाचं. शंका असली तरी एकदा जा. आणि बाहेर आल्यावर जे वाटलं तेच सांगा. पदरचे दोन स्टार देऊन तुम्ही ज्याला सिनेमाला पाठवता तो एकदा जातो, कंटाळून परत येतो आणि पुढच्या वेळी खरोखर चांगला सिनेमा आला तरी तुमचं ऐकत नाही. नुकसान त्या पुढच्या सिनेमाचं होतं. जानेवारी २०२३ मध्ये आलेला 'वाळवी' आठवा. त्याची गोष्ट सांगायची सोयच नव्हती, एक वाक्य जास्त बोललं की गंमत गेली. लोकांनी एकमेकांना एवढंच सांगितलं की काही विचारू नकोस, जाऊन बघ. हे वाक्य चालतं ते सांगणाऱ्याच्या शब्दावर भरवसा असतो म्हणून. तो भरवसा म्हणजे तुमच्या ग्रुपची पुंजी, आणि ती एका मैत्रिणीच्या समाधानासाठी उधळायची नाही.

जाता जाता एक. शेवट कळतो, हा दोषच आहे का? मला वाटतं तुम्ही इथे घाई केलीत. प्रभातचा 'संत तुकाराम' १९३६ साली आला तेव्हा थिएटरात बसलेल्या प्रत्येकाला शेवट ठाऊक होता. तुकोबा वैकुंठाला जाणार हे महाराष्ट्रात कुणाला सांगावं लागतं? तरी तो मुंबईत एकाच थिएटरात वर्षभराहून जास्त चालला आणि १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवातही वाखाणला गेला. लोक शेवट शोधायला गेले नव्हते. आवली काय बोलते आणि तुकोबा तिच्याकडे कसे बघतात, हे बघायला ते पुन्हा पुन्हा गेले. तेव्हा तुम्हाला खुपलं ते दुसरंच काहीतरी असणार. सिनेमा शेवट लपवत होता आणि आपण चकित होऊ अशी त्याची अपेक्षा होती, म्हणून तुम्हाला फसवल्यासारखं वाटलं का? की शेवट कळल्यावर मधल्या वाटेवर बघण्यासारखं काही ठेवलंच नव्हतं? ही दोन वेगळी मतं आहेत. 'शेवट कळतो' या दोन शब्दांत दोन्ही बुडून जातात. नेमकं काय खुपलं हे शोधलंत, की तुमची टीका आपोआप धारदारही होईल आणि कमी बोचरीही.

आकड्याचा मला राग नाही. तो एका विशिष्ट कामासाठी निघाला. न्यूयॉर्कच्या 'डेली न्यूज'मध्ये आयरीन थिरर या समीक्षिकेने १९२८ साली सिनेमांना स्टार द्यायला सुरुवात केली, तेव्हा पट्टी होती शून्य ते तीन. सकाळी पेपर चाळताना, कुठल्या थिएटरला जायचं एवढंच ठरवायचं असलेल्या अनोळखी वाचकाची ती सोय होती. सोय म्हणून ती आजही चांगलीच आहे. पण तुमच्या ग्रुपवर अनोळखी कोण आहे? शाळेपासून एकमेकींना ओळखणाऱ्या बायका तुम्ही. कुणाला कशाने रडू येतं आणि कोण कशाने वैतागतं, हे तुम्हाला पाठ आहे.

आणि आकडा काय काय लपवतो ते बघा. समीक्षकांची मतं गोळा करणाऱ्या रॉटन टोमॅटोज या संकेतस्थळावर एखाद्या सिनेमापुढे १०० टक्के दिसतात, तेव्हा आपल्याला वाटतं हा थोरच असणार. त्याचा अर्थ एवढाच असतो की मोजलेल्या प्रत्येक समीक्षकाचं मत एकंदरीत बरं होतं. सगळ्यांनी 'ठीक आहे, बघायला हरकत नाही' म्हटलं तरी १०० टक्के होतात. उलट निम्म्यांना जिवापाड आवडलेला आणि निम्म्यांना असह्य झालेला सिनेमा ५० टक्क्यांवर पडून राहतो. मला विचाराल तर शनिवारी रात्री मी हा दुसरा सिनेमा बघेन.

'कोर्ट' तुम्ही पाहिला असेल, चैतन्य ताम्हाणे यांचा, २०१५ साली थिएटरात आलेला. शेवटाकडे कोर्टाला सुट्टी लागते, माणसं निघून जातात, दिवे एकेक करून बंद होतात आणि पडदा काळा होतो. थिएटरातली माणसं पर्स सावरायला लागतात. आणि सिनेमा पुन्हा सुरू होतो. न्यायाधीश कुटुंबाबरोबर सहलीला गेलेत, खुर्चीवरून उतरलेला एक साधा गृहस्थ, बाकावर बसल्या बसल्या त्यांना डुलकी लागते. पोरं ओरडून त्यांना दचकवतात आणि ते हाताला लागलेल्या एका पोराला चापट मारतात. हे बघून एकाने एक स्टार दिला, कारण संपलेला सिनेमा ताणला. दुसऱ्याने पाच दिले, कारण त्या चापटीत आख्खा खटला परत दिसला. दोघांनी पाहिलं एकच. नुसते आकडे टाकले तर एक आणि पाच एकमेकांकडे बघत बसतात, फार तर भांडतात. 'तो बाकावरचा प्रसंग' एवढं कुणी लिहिलं, तर रात्री साडेअकरापर्यंत ग्रुप जागा राहील. मला एक स्टारवाल्याचंही ऐकायला आवडेल. कदाचित तो जे म्हणतोय त्यातही तथ्य असेल.

पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये प्रा. सतीश बहादूर सिनेमाचा रसास्वाद शिकवत. 'पथेर पांचाली' ते तुकड्या-तुकड्याने, पुन्हा पुन्हा थांबवून उलगडून दाखवत. त्या परंपरेतून पुढे उन्हाळ्यातली रसास्वादाची शिबिरं झाली, मुंबईत १९६८ साली सुरू झालेल्या प्रभात चित्र मंडळासारख्या फिल्म सोसायट्यांत खेळानंतरच्या गप्पा झाल्या. ती माणसं तावातावाने भांडायची, पण भांडण पडद्यावर काय दिसलं यावरून सुरू व्हायचं. तुमच्या ग्रुपला शिबिराची गरज नाही. एकच सवय लावा. प्रत्येकाने सिनेमातली एक जागा सांगायची. आवडलेली, खटकलेली, कुठलीही, फक्त ती इतकी नेमकी हवी की सिनेमा पाहिलेल्याच्या डोळ्यांपुढे उभी राहील आणि न पाहिलेल्याची गोष्ट फुटणार नाही. स्टार द्यायचे तर त्यानंतर द्या. आणि आपण स्वतः न पाहिलेल्या सिनेमाबद्दल ऐकीव मत टाकायचं नाही.

सासूबाईंबद्दल जरा कडक बोलणार आहे. त्यांना हसणं थांबवा. तुम्ही आधी, मग नवऱ्याला सांगा, आणि तेही त्यांच्या पाठीमागे, त्यांच्या समोर नको. हसू आलं की माणूस आवडलेलं सांगायचं बंद करतो. साठी-सत्तरीच्या बाईने आयुष्यभर बरंच काही सांगायचं बंद केलेलं असतं, त्यात सिनेमाची भर घालू नका.

आणि त्यांची आवड कमअस्सल, हे तुम्ही कशावरून ठरवलंत? नेटफ्लिक्सने २०१७ साली पाच स्टारांची पद्धत बंद करून नुसता अंगठा वर-खाली ठेवला. त्यांच्या लक्षात आलं होतं की लोक गंभीर माहितीपटाला पाच स्टार देतात आणि रात्री लावतात मात्र तीन स्टार दिलेली हलकीफुलकी करमणूक. म्हणजे स्टार देताना माणूस, आपण कसे दिसावं याचाही विचार करत असतो. तुमच्या ग्रुपवरही हे होत असणार. सासूबाईंच्या मतात ही लबाडी नाही. त्यांना आवडलं म्हणजे आवडलं.

२०२३ च्या जूनअखेर 'बाईपण भारी देवा' लागला. सहा बहिणी आणि मंगळागौरीची स्पर्धा. पटकथेतल्या सोयीच्या जागा दाखवता येतील, मलाही येतील. पण बायका गटागटाने, ठेवणीतल्या साड्या नेसून थिएटरात गेल्या, काही ठिकाणी आवारातच फेर धरला. त्यांतल्या कितीतरी जणी कित्येक वर्षांनी थिएटरची पायरी चढत होत्या. त्या जे बघत होत्या ते स्टार देणाऱ्यांच्या पट्टीवर कुठे मोजलं जातं? जेवायला वाढताना शेवटी कोण बसतं, दुखणारा गुडघा कुणाला सांगितला जात नाही, बहिणीशी धरलेला अबोला कोण आधी सोडतं. या गोष्टी सासूबाईंना पडद्यावर तुमच्याआधी दिसतात, कारण त्यांनी त्या तुमच्याहून जास्त वर्षं केल्यात. पुढच्या वेळी तुम्ही दीड स्टार ठरवलेला सिनेमा त्यांना आवडला, की 'का आवडला' असं विचारू नका. 'का' म्हटलं की परीक्षेला बसल्यासारखं होतं. 'कुठली जागा आवडली?' विचारा. जे उत्तर येईल ते, त्यांची हरकत नसेल तर, रविवारी ग्रुपवर त्यांच्या नावाने टाका.

राहिलं तुमचं ते स्टार मोजणं. ते सिनेमामुळे होत नाही, रविवारच्या रात्रीमुळे होतं. शनिवारी सिनेमा पाहायचा आणि चोवीस तासांत निकाल लावायचा, म्हटल्यावर मन आधीपासून हिशेबाला बसणारच. त्यात तुम्ही बँकेतल्या, आकडा जुळल्याशिवाय तुम्हाला चैन पडायचं नाही. तेव्हा पुढचे काही आठवडे असं करा. या आठवड्यात पाहिलेल्या सिनेमाबद्दल पुढच्या रविवारी लिहायचं. मध्ये पूर्ण आठवडा जाऊ द्या. लोकलमध्ये उभं असताना, भाजी निवडताना जे आपोआप आठवेल ते तुमचं मत. काहीच आठवलं नाही, तर तेही मतच आहे आणि ते तसंच लिहा, 'आठ दिवसांत यातलं काही आठवलं नाही.' याहून कडक परीक्षण मला तरी माहीत नाही. आकड्याची फारच ओढ असेल तर घरच्या वहीत लिहून ठेवा, तारीख घालून, आणि सिनेमा कुणाबरोबर पाहिला तेही. वर्षभराने उघडाल तेव्हा त्या आकड्यांवरून सिनेमांपेक्षा तुमच्याबद्दलच जास्त कळेल, आणि तेवढ्यासाठी आकडे ठेवण्यासारखे आहेत.

मध्यंतरात फोन पर्समध्येच राहू द्या. सासूबाईंबरोबर असाल तर दोन चहा घ्या आणि त्यांना विचारा, पुढे काय होणार. तुम्हीही सांगा. दोघींपैकी कुणाचा अंदाज खरा ठरतो, ते दिवे गेल्यावर बघा.